बटाट्याखालचा खिमा

सिराजुद्दीन चाचांना जाऊन परवा दोन महिने झाले. बोर्ली पंचतनच्या आमच्या मोहल्ल्यात त्यांना सगळे "मोठे बबर्ची" म्हणत. मयतीला आलेली माणसंही तेच बोलत होती, आगबोटीवर साहेब लोकांना रांधून घालणारा माणूस गेला. मी आज जे लिहायला बसले आहे ते त्या माणसांना ठाऊक नाही. म्हणून आधी चाचीला विचारलं. रहिमुन्निसा चाची नवऱ्यामागच्या इद्दतीत बसलेली, पुढ्यात तांदळाचं सूप. मान वर न करता म्हणाली, "लिही गो फिरोजा. लाजायला ते आता हायत कुठे? आन् मला लाज नाय त्याची."

चाचा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. घरं दोन, चुली दोन, पण परसू एकच. मधे विहीर आणि रामफळाचं झाड. त्यामुळे त्यांच्या घरातलं बोलणं ऐकायचं नसलं तरी कानावर पडे. दुपार कलल्यावर असरची नमाज झाली की मी रोज वहीत चार-दोन ओळी लिहिते. मराठी चौथीत लागलेली सवय, अल्लाहच्या मेहेरबानीने टिकली. पुढचं बरंचसं सन १९३२ च्या वहीत आहे. जे वहीत नाही ते डोळ्यांपुढे आहे.

चाचा वीस वर्षांचे असताना बोटीवर गेले. दोन वर्षं दर्यावर, तीन महिने घरी, असं अठ्ठावीस वर्षं चाललं. त्या तीन-तीन महिन्यांत त्यांनी घर कौलारू केलं, दोन मुली जन्मल्या, वाढल्या, सासरी गेल्या. एकतीस साली पावसाळा सरता सरता दिघीला उतरले ते कायमचे. मंदी आली होती, त्यांची बोट नांगरून ठेवली होती. बरोबर एक ट्रंक आणि एक पांढरी कडक टोपी. टोपी त्यांनी पडवीतल्या खुंटीला लावली आणि तिच्याखाली बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्टी सांगू लागले.

"माझ्या हाताखाली दहा माणूस. कप्तान जेवला का विचारायचा, आज कोणी रांधलं? सिराजने? मग ठीक!"

सगळ्यांत आवडीची गोष्ट एका जिनसेची होती. खाली मटणाचा खिमा, वर लोण्यासारख्या बटाट्याचं छप्पर, आणि सगळं भट्टीत घालून वरून सोनेरी होईपर्यंत भाजलेलं. साहेब त्याला काय म्हणतात ते चाचांनी मला दोनदा सांगितलं. माझ्या जिभेला ते वळेना, म्हणून मी वहीत "बटाट्याखालचा खिमा" असं लिहून ठेवलं.

आता दुसरी गोष्ट. मी चोवीस साली लग्न होऊन आले तेव्हापासून पाहत होते की, चाचा रजेवर आले की चाचीचे रोजे वाढत. रमजानचे तर सगळेच ठेवतात. पण ही सोमवारचा ठेवी, गुरुवारचा ठेवी, चांदाच्या तेरा-चौदा-पंधराचे ठेवी. चाचांनी कधी हौसेने हलवा केला, कधी अंड्याचं काही केलं, की हिचा नेमका रोजा. मगरिबला रोजा सोडी तो खजुराने आणि स्वतःच्या हातच्या पेजेने. मला वाटे, काय बाई आहे! नवरा दर्यावरून सुखरूप आला म्हणून शुकराना करते. एका वर्षी तिचं बघून मीही तसे ठेवायला गेले आणि चौथ्या दिवशी विहिरीवर घेरी येऊन बसले.

चाचा कायमचे घरी आले आणि चाची सुकत चालली. गालफडं बसली. एक दिवस विहिरीवर मी विचारलंच, "चाची, एवढे रोजे कशाला? तब्येत तरी बघ."

तिने घागर खाली ठेवली. परसवात दुसरं कोणी नव्हतं, तरी हळू बोलली.

"लग्नाच्या पयल्या वर्षी श्रीवर्धनची एक बाई मला म्हणाली, साहेबांच्या बोटीवर डुक्कर रांधतात. आन् हे तर मोठे बबर्ची. म्हणजे त्याच भांड्यात हात. पयल्या रजेला त्यांनी शिरा केला. मी तो मागे नेऊन कोंबड्यांना घातला. तेव्हापासून आजपर्यंत त्यांच्या हातचा एक घास माझ्या पोटात गेला नाय."

"आणि तू विचारलं नाहीस कधी?"

"नवऱ्याला विचारू? आन् ते हो म्हणाले तर? मग काय करू, घर सोडू?"

मी म्हटलं, "पण चाची, रोजा तर अल्लाहसाठी असतो."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "त्याचा जबाब मी देईन." आणि घागर उचलून गेली. त्या दिवशीच्या वहीत मी एवढंच लिहिलं आहे, 'चाचीसाठी दुवा मागितली.'

पुढच्या एप्रिलात बकरी ईद आली. चाचीने वर्षभर पाला घालून वाढवलेला बकरा कुर्बान झाला, वाटे गेले. ईदच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा परसवात आले. चाची मटणाला हळद-मीठ लावून ठेवत होती, मी तिला हात देत होते. चाचा म्हणाले, "थोडं बिनहळदीचं ठेव. उद्या मी रांधणार. साहेबांचं ते."

"उद्या माझा..." चाची म्हणाली आणि थांबली.

"उद्या तुझा काय? उद्या ईदचा तिसरा दिवस. उद्या रोजा ठेवणं हराम हाय. परवाचा पण. मौलवीसाहेबांना विचारून आलोय."

ते हसत बोलले, पण डोळे हसत नव्हते. चाचांनी दिवस निवडून काढला होता. म्हणजे त्यांना कळत होतं. किती वर्षांपासून, ते अल्लाहला ठाऊक.

ते गेल्यावर चाचीने हळदीचे हात पुसले. मग म्हणाली, "फिरोजा, बकरा घरचा. टोप घरचा. विस्तू घरचा. मग राहिलं काय?"

मी टोपावर झाकण ठेवलं.

"हात," तिचं तीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी बाजारातून शेर-दोन शेर बटाटे आणले. आमच्याकडे सरपण घालणारी काशी नारळाच्या करवंट्यांची पाटी घेऊन आली. झाकणावर ठेवायला करवंटीचा विस्तू चांगला, धूर होत नाही. चाचांना परसवातल्या चुलीपाशी बसलेलं बघून तिने पाटी डोक्यावरच धरली.

"व्हय वो चाचा, चाचीनं कामावर ठेवलान का काय तुमाला?"

"ठेवलान," चाचा म्हणाले. "जेवणावारी. पण मालकीण कडक हाय."

"आमचा धनी चूल पेटली का इझली त्ये बी सांगाचा न्हाय," म्हणून काशी पाटी रिकामी करून हसत गेली.

चाची मागच्या उंबऱ्यावर बसली. हातात तसबीह होती, पण मणी पुढे सरकत नव्हते.

चाचांनी हात-पाय धुऊन वजू केला, बिस्मिल्ला म्हणून सुरी घेतली. आणि मी जे पाहिलं ते विसरणार नाही. सुरी हलतच नव्हती, बटाटाच तिच्याखाली फिरत होता. साल अख्खीच्या अख्खी, वेणीच्या फितीसारखी लांबच लांब खाली उतरे. एक तुटली नाही. पंधरा-वीस बटाटे एवढ्या वेळात झाले की मी कांदे सोलून उठले तोवर ते हात धूत होते. बटाटे उकडले, पाणी काढलं, टोप पुन्हा घटकाभर विस्तवावर ठेवून अंगचं पाणी आटवलं. मग अनंता सुताराकडून करून घेतलेल्या लाकडी दट्ट्याने गरम गरम कुटायला लागले.

"निवला का संपला," मला सांगत होते. "मग त्याचा गोंद होतो. दूध गरम पायजे. तूप आधी, दूध मागून. आता बघ, एक गाठ सापडली तर माझं नाव बदल."

मी बोटाने पाहिलं. गाठ नव्हती. बटाटा असा होतो हे मला ठाऊकच नव्हतं.

मग मटण पुढे आलं. चाचांनी सुरा उचलला, मटणाचा तुकडा फळीवर ठेवला, आणि तसेच बसून राहिले. मग कापायला लागले. तुकडा इकडे सरके, तिकडे सरके. सुरा धरण्याची तऱ्हाच मटण कापणाऱ्याची नव्हती, अंगठा पुढे आणि पातं स्वतःकडे. एक तुकडा बोराएवढा, एक लिंबाएवढा. मला वाटलं, साहेबांची रीत वेगळी असेल.

थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "बाय, कांदा आधी पडतो, नाय?"

मला वाटलं माझी परीक्षा बघतायत. मी म्हटलं, "हो चाचा. कांदा आधी."

"व्हय, व्हय. आधीच." मग पुन्हा, अजून हळू, "आन् मटण किती वेळ ठेवतात?"

त्यांचे कान लाल झाले होते. मी उंबऱ्याकडे पाहिलं. चाचीने सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, त्यांच्या हातांकडे बघत होती. तसबीह खाली ठेवली आणि म्हणाली, "एक विचारू? आज खरं सांगा. ईदचे दिवस हायत."

चाचांनी सुरा ठेवला.

"बोटीवर ते रांधायचे ना. डुकराचं. त्या भांड्यात तुमचा हात गेला का नाय?"

एवढी वर्षं जे शब्द तिच्या घशात होते ते असे साधे बाहेर आले. मी कांद्याच्या साली गोळा करायला लागले.

चाचांनी खुंटीवरच्या टोपीकडे पाहिलं. मागच्या उघड्या दारातून ती दिसत होती. मग म्हणाले, "नाय गेला. कुठल्याच भांड्यात नाय गेला. मटणाच्या पण नाय, कोंबडीच्या पण नाय."

"म्हणजे?"

"मटणाचं सगळं पेद्रूकडे. गोव्याचा. तो कोणाला हात लावू द्यायचा नाय. मी बटाट्यावर होतो."

"बटाट्यावर?"

"सोलायचे, उकडायचे, कुटायचे. सकाळी दोन गोणी, संध्याकाळी एक. माझी वेगळी कोठडी, वेगळा टोप, वेगळी सुरी. तिथून बटाटा तयार करून आत द्यायचा, मग पेद्रू तो खिम्यावर लावायचा."

"अठ्ठावीस वर्षं बटाटे?"

"बटाटे."

"आन् हाताखाली दहा माणूस?"

"मीच दहाव्याच्या हाताखाली."

"आन् कप्तान विचारायचा ते?"

"कप्तानाला माझं नाव ठाऊक नव्हतं."

मग चाची म्हणाली, "मग सांगितलं का नाय? मी मेले असते रोजे करून करून. एक शब्द बोलायचा होता."

"पयल्या रजेला आलो तेव्हा तुझ्या बापाने चार माणसांत सांगितलं, माझा जावई बोटीवर मोठा बबर्ची. मी नाय म्हटलं नाही. बरं वाटलं. मग मी शिरा केला आन् तू तो कोंबड्यांना घातलास. खिडकीतून बघितला मी. तेव्हाच कळलं तुझ्या मनात काय हाय." चाचा बटाट्याच्या सालींकडे बघत बोलत होते. "हात पाक हाय म्हणून सांगायला गेलो असतो तर हे पण सांगावं लागलं असतं, का मी निस्ता साली काढतो. दर रजेला म्हणायचो, आता सांगेन. आणि दर रजेला पडवीत माणसं बसलेली असायची."

चाची हसली का रडली ते मी वहीत लिहिलेलं नाही, कारण तिने पदर तोंडावर घेतला होता. पदर काढला तेव्हा नाक पुसत उठली, कासोटा खोचावा तसा पदर कमरेला खोचला, आणि चुलीपाशी येऊन म्हणाली, "सरका. कुर्बानीच्या मटणाची माती कराल."

मग माझ्याकडे वळली. "आन् तू. हे परसवाच्या बाहेर गेलं तर माझ्याशी गाठ हाय. मोहल्ल्यात ते मोठे बबर्चीच. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. पाच वर्षं कोणाला बोलले नाही. मुंबईला माझ्या नवऱ्याला लिहिलेल्या चिठ्ठीतसुद्धा नाही.

चाचीने मटण बारीक कुटलं, कांदा लाल केला, आलं-लसूण घातलं, आणि हात मसाल्याच्या डब्याकडे गेला. चाचा लांबूनच म्हणाले, "अगं, मसाला नको. साहेब लोक फक्त मिरी..."

"साहेब येणार हायत का जेवायला?"

तिने मसाला घातला, वर कोथिंबीर, कोकमाचं आगळ दोन थेंब. खिमा सुका करून कलईच्या टोपात तळाला पसरला. मग बाजूला झाली. सरकून जागा करून दिली.

चाचांनी त्यावर बटाटा लावला. हाताचा तळवा ओला करून, लहान मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मग नारळाच्या झापातल्या हिरांच्या, म्हणजे काड्यांच्या, टोकांची जुडी करून त्यावर रेघा ओढल्या, शेतात नांगर फिरवल्यासारख्या. "रेघांचे कंगोरे आधी लाल होतात," म्हणाले. झाकण ठेवलं. खाली थोडा विस्तू, वर जास्त.

दुपारी जुहरची अजान झाली. चाचा मशिदीत गेले, आम्ही घरात नमाज पढलो. परसवात वास असा सुटला होता की नियत बांधताना मला दोनदा मन आवरावं लागलं. अल्लाह माफ करो.

चाचा परत आले. झाकण काढलं. वरचं छप्पर नानखटाईसारखं भाजलं होतं, रेघांचे कंगोरे तांबूस, मधले चर पिवळे. चाचा उकिडवे बसून बघतच राहिले. मग म्हणाले, "थांबा, हात धुऊन येतो. मग मी काढतो." आणि विहिरीकडे गेले.

आमच्याकडे खाली-वर विस्तू ठेवून जे काही भाजतात ते थाळ्यात पालथं करून काढतात. ईदची रव्याची भाकर असो, दुसरं काही असो. थाळा टोपावर उपडा ठेवायचा, दोन्ही हातांनी धरून एका झटक्यात उलटायचं. चाचीने जन्मभर तेच केलं होतं. तिने थाळा ठेवला, मी फडकं दिलं, आणि तिने टोप उलटा केला. अलगद उचलला. एक कण टोपाला चिकटला नाही.

चाचा ओल्या हातांनी विहिरीपासून धावत आले. "अगं, अगं, अगं! काय केलंस! बटाटा वर असतो!"

आम्ही दोघींनी थाळ्याकडे पाहिलं. वर सगळा खिमा, चाचीचा, मसाल्याने लालभडक. बटाटा खाली दबलेला, कडेने पांढरी रेघ तेवढी दिसत होती.

चाचा जात्यापाशी मटकन बसले. "एवढं एकच माझं होतं," म्हणाले, "तेच खाली गेलं."

मला हसू आवरेना, आणि हसणं पाप वाटत होतं. मी तोंड फिरवलं. चाचीचं तोंड उतरलं होतं. पुन्हा उलटायची सोय नव्हती, मोडलं असतं. तिने थाळा उचलून पडवीत नेला, दस्तरखानावर ठेवला. चाचा मागून आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. एरवी पुरुष आधी जेवतात, आम्ही मागून. पण त्या दिवशी चाची थाळ्यासमोर बसली. हात धुतले. बिस्मिल्ला म्हणाली.

मी तिच्या बोटांकडे बघत होते. चाचाही तिकडेच बघत होते. बोटं खिम्याला लागली आणि थांबली. मग तिने खिमा कडेला सारला, विहीर खणावी तसा. बोटं खाली गेली आणि तळातून बटाटा घेऊन वर आली, त्याला खालचं लाल कवच चिकटलेलं. तो घास तिने तोंडात घातला. चावायचं काही नव्हतंच त्यात. तरी बराच वेळ तोंडात ठेवला. मग गिळला.

दुसरा घास. तोही खालूनच. तिसराही. वरचा खिमा ढासळून मधे पडू लागला तसा ती पुन्हा कडेला सारी आणि पुन्हा खाली जाई.

"उभे काय राहिलात?" ती म्हणाली. "बसा. मी काय एकटी खाऊ?"

"खा तू," चाचा म्हणाले. "मला बघू दे. बोटीवर ताट वर जायचं. कोणाला खाताना मी कधी बघितलं नाय."

चाचीने पदर कपाळावरून जरा पुढे ओढला, आणि पुन्हा खालून घास घेतला.